नेतृत्वाची कसोटी : दोन परिषदा, एक प्रतिसरकार आणि एक धरण

'नेता' हा शब्द संस्कृतातील 'नी' या धातूपासून आला आहे. 'नी' म्हणजे नेणे. जो नेतो तो नेता. व्युत्पत्ती इतकी सोपी असली तरी तिच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. नेता कोठे नेतो, हा पहिला प्रश्न. आणि वाटेत नेताच नाहीसा झाला तर मागून येणारे पुढची वाट चालू शकतात की नाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. दुसऱ्याची फारशी होत नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

त्याला निमित्तही आहे. नेतृत्व आणि सांघिक कार्य या विषयावर विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा अलीकडे ठिकठिकाणी भरू लागल्या आहेत, आणि लहान गावांतील महाविद्यालयांच्या सूचनाफलकांपर्यंतही त्यांची निमंत्रणे पोहोचतात. अशा परिषदांचा साचा साधारणपणे ठरलेला असतो. निरनिराळ्या देशांतील तरुण एकत्र येतात, त्यांचे गट पाडले जातात, गटांना काही खेळ व काही कूटप्रश्न दिले जातात, यशस्वी माणसांची भाषणे होतात आणि शेवटी प्रमाणपत्रे वाटली जातात. यात वाईट असे काही नाही. अनोळखी माणसाशी बोलण्याची भीड चेपते, जग मोठे आहे हे कळते, हा लाभ लहान नव्हे. तथापि माधवनगरसारख्या पेठेत, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या मुलाला किंवा मुलीला असे निमंत्रण आले की मनात पहिली शंका येते ती अशी : 'तिथे आपले इंग्रजी कसे चालणार? आणि नेतृत्वाविषयी आपल्याजवळ सांगण्यासारखे आहे तरी काय?'

पहिल्या शंकेचे उत्तर सरावात आहे. दुसरीचे उत्तर मात्र आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे, आणि ते पुष्कळ समृद्ध आहे. परंतु ते पाहण्यापूर्वी खुद्द विद्यार्थी परिषदांचा इतिहास थोडा तपासणे उपयुक्त ठरेल. कारण त्या इतिहासातच नेतृत्वाचा एक उत्तम आणि एक फसलेला असे दोन्ही नमुने सापडतात.

विद्यार्थ्यांनी चालविलेली परिषद

१९३१ साली जपानने मांचुरियावर आक्रमण केले. त्यानंतर जपान आणि अमेरिका यांचे संबंध झपाट्याने बिघडू लागले. दोन्हीकडचे मुत्सद्दी परस्परांकडे संशयाने पाहत असताना जपानमधील काही विद्यार्थ्यांनी ठरविले की आपण निदान विद्यार्थ्यांना तरी एकमेकांसमोर बसवू. त्यांच्यापैकी चौघे समुद्रमार्गे अमेरिकेस गेले, तेथील विद्यापीठांतून हिंडले, आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी परिषदेसाठी जपानला येण्यास राजी केले. अशा रीतीने १९३४ साली तोक्योतील आओयामा गाकुइन येथे जपान-अमेरिका विद्यार्थी परिषद प्रथम भरली. पुढच्या वर्षी अमेरिकन विद्यार्थ्यांनी यजमानपद घेतले. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, असा पायंडा पडला.

या परिषदेने युद्ध टाळले काय? नाही. १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर बाँब पडले, आणि ज्यांनी एका मेजावर वाद घातले होते त्यांचे देश रणांगणावर समोरासमोर आले. परिषद बंद पडली. पण युद्ध संपून दोन वर्षे होतात न होतात तोच, १९४७ साली, ती पुन्हा भरली. पुढेही तिच्यात खंड पडला, तरी ती पुन्हा उभी राहिली, आणि नव्वद वर्षांनंतरही ती मोडलेली नाही. १९३९ च्या परिषदेतील प्रतिनिधी किइची मियाझावा हे १९९१ साली जपानचे पंतप्रधान झाले. १९५१ च्या परिषदेत हेन्री किसिंजर होते. ही मोठी नावे आहेत खरी. पण परिषदेच्या टिकण्याचे कारण ही नावे नव्हेत.

ते कारण तिच्या रचनेत आहे. परिषद संपण्यापूर्वी त्या वर्षीचे प्रतिनिधी आपल्यामधूनच पुढच्या वर्षाची कार्यकारी समिती निवडतात. जे आज पाहुणे म्हणून आले तेच उद्याचे व्यवस्थापक होतात. विषय ठरविणे, पैसे जमविणे, मुक्काम शोधणे, नव्या प्रतिनिधींची निवड करणे, ही सारी कामे विद्यार्थीच करतात. आणि एका वर्षानंतर त्यांनाही जागा मोकळी करावी लागते. येथे कोणालाही कायमचा नेता होता येत नाही. म्हणूनच नेत्यांची उणीव कधी भासत नाही. नेतृत्वावरील व्याख्यान ऐकण्यापेक्षा पुढच्या वर्षीच्या दोनशे माणसांच्या जेवणाची व्यवस्था अंगावर घेणे, हे शिक्षण अधिक खोल जाते.

ज्यांना आपला जमाखर्च ठाऊक नव्हता

दुसरे उदाहरण अधिक मोठ्या संस्थेचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, प्राग येथे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी संघ स्थापन झाला. जगातील सर्व विद्यार्थ्यांची एक संघटना असावी, हा त्यामागील हेतू होता. परंतु १९४८ साली चेकोस्लोव्हाकियात साम्यवादी पक्षाने सत्ता हस्तगत केली, संघ सोव्हिएत धोरणाच्या मागे जाऊ लागला, आणि पश्चिमेकडील अनेक विद्यार्थी संघटना त्यातून बाहेर पडल्या. त्यांनी १९५० च्या डिसेंबरात स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी परिषद भरविली. तिचे सचिवालय पुढे हॉलंडमधील लायडन येथे थाटले गेले. आशिया व आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांतील विद्यार्थीही तिच्यात येऊ लागले. १९५६ साली तिचे अधिवेशन आपल्या शेजारी, त्या वेळच्या सिलोनमधील पेराडेनिया येथे झाले.

या परिषदेत काम करणारे बहुसंख्य तरुण प्रामाणिक होते. वसाहतवादाविरुद्ध ठराव करणे, हद्दपार झालेल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळवून देणे, नव्या विद्यार्थी संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी शिबिरे घेणे, अशी चांगली कामे त्यांनी केली. पण १९६७ साली अमेरिकेतील 'रॅम्पार्ट्स' या मासिकाने एक गोष्ट उघडकीस आणली आणि साऱ्या इमारतीला तडा गेला. या परिषदेचा आणि तिच्यातील अमेरिकन विद्यार्थी संघटनेचा पैसा कित्येक वर्षे निरनिराळ्या प्रतिष्ठानांच्या आडून अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याकडून येत होता. अमेरिकन संघटनेतील मोजक्या पदाधिकाऱ्यांना हे ठाऊक होते, आणि त्यांच्याकडून गुप्ततेची हमी लिहून घेतलेली होती. बाकीच्यांना त्याची कल्पना नव्हती. गौप्यस्फोटानंतर दोनच वर्षांत, १९६९ साली, परिषद विसर्जित झाली. प्रागच्या संघालाही सोव्हिएत गटाचा पैसा होता. फरक इतकाच की त्याविषयी कोणाला फारसा भ्रम नव्हता.

येथे कोणाच्या राजकारणाची बाजू घेण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातील धडा निराळाच आहे. आपण एका ध्येयासाठी राबत आहोत असे शेकडो तरुण समजत होते आणि त्यांच्या कामाची दोरी भलत्याच हाती होती. त्यांच्यात भाषणकौशल्य होते, परस्परस्नेह होता, सांघिक वृत्तीही होती. ज्याला आज आपण नेतृत्वगुण म्हणतो ते बहुतेक सर्व त्यांच्यात होते. एकच गोष्ट नव्हती : संघाची वही संघाला वाचता येत नव्हती. ज्या संघात काहींना सर्व माहीत असते आणि उरलेल्यांना फक्त उत्साह दिलेला असतो, तो संघ राहत नाही. तेथे मूठभर चालविणारे असतात आणि बाकीचे वापरले जाणारे असतात.

कृष्णाकाठची तीन विशीतली मुले

आता आपण स्वतःच्या मुलखाकडे वळू. माधवनगरहून उत्तरेकडे, मिरज-पुणे लोहमार्गाच्या कडेने गेले की भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, शेणोली अशी स्थानके लागतात. याच पट्ट्यात, म्हणजे आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या परंतु त्या वेळी सातारा जिल्ह्यात असलेल्या वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा या तालुक्यांत आणि त्यांच्या आसपास, १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार नांदले. त्याची हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ती बहुधा शौर्यकथा म्हणून ऐकतो. संघटनेचा अभ्यास म्हणून तिच्याकडे पाहिले तर काय दिसते?

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि राष्ट्रीय पुढारी एका रात्रीत तुरुंगात गेले. साताऱ्यात लोकांनी कचेऱ्यांवर मोर्चे काढले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला. पण ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला गोळीबार झाला आणि माणसे धारातीर्थी पडली. उघड मोर्चाचा मार्ग संपला. वरून आदेश देणारे कोणी उरले नव्हते. अशा वेळी एक तर चळवळ विझते, नाही तर ती खालून नव्याने रचावी लागते. साताऱ्यात ती नव्याने रचली गेली.

तिचे सर्वमान्य पुढारी होते येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील. पूर्वी तलाठ्याची नोकरी केलेल्या या माणसाला खेड्यातल्या माणसाच्या बोलीत सभा जिंकण्याची विलक्षण हातोटी होती. पण १९४२ नंतर सुमारे चार वर्षे नाना भूमिगत होते. त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावलेले होते, त्यांच्या घरादारावर जप्ती आलेली होती. आज या गावी, उद्या त्या वस्तीवर, असा त्यांचा मुक्काम असे. म्हणजे रोजच्या रोज हुकूम देणे त्यांना शक्यच नव्हते. तरीही सहाशेच्या आसपास गावांतून प्रतिसरकारचा अंमल चालला. न्यायदान मंडळांनी तंटे मिटविले, सावकार व गुंड यांना वचक बसविला, धान्याच्या वाटपावर लक्ष ठेवले, दारूबंदी केली, थोड्या खर्चात साधी लग्ने लावून दिली, वाचनालये काढली.

हे कसे घडले? निरनिराळ्या भागांत निरनिराळे गट होते आणि प्रत्येक गटाला आपापल्या भागातले निर्णय घेण्याची मुभा होती. कुंडलचा गट, वाळव्याचा गट, अशी त्यांची नावेच गावांवरून पडली होती. कुंडल हे त्या वेळी औंध संस्थानात होते. त्या संस्थानाच्या राजांनी १९३९ साली राज्यकारभार लोकांच्या हाती सोपविणारी घटना दिली होती. त्यामुळे पंचायतीत बसून निर्णय घेण्याची सवय तेथील लोकांना अगोदरच लागू लागली होती. शिवाय संस्थानी हद्दीत ब्रिटिश पोलिसांचा हात तितका सहज पोहोचत नसे.

आणि हे गट चालविणारे कोण होते? कुंडलचे जी. डी. ऊर्फ बापू लाड, त्याच गावचे रामचंद्र श्रीपती लाड म्हणजे तुफान सेनेचे 'कॅप्टन भाऊ', आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी. या तिघांचाही जन्म १९२२ सालचा. 'चले जाव'च्या वेळी तिघेही वीस वर्षांच्या आतबाहेरचे होते. म्हणजे हे मासिक ज्यांच्या हाती पडणार आहे त्यांच्याच वयाचे!

तुफान सेनेची एक कामगिरी संघकार्याच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम घेऊन जाणारी आगगाडी अडविण्यात आली. रुळांवर पुढे दगडांचा ढीग रचला होता. गाडी थांबताच मागच्या बाजूलाही तसाच ढीग रचण्यात आला, म्हणजे तिला माघारी जाता येऊ नये. हाती होते ते विळे, काठ्या आणि दोन-तीन गावठी बाँब. मिळालेली रक्कम एकोणीस हजारांच्या थोडी वर होती. या प्रसंगाला कोणी 'लूट' म्हटले तर कॅप्टन भाऊंना उतारवयातही ते खपत नसे; तो पैसा लोकांचाच होता आणि तो आम्ही परत आणला, असे ते सांगत. मागच्या बाजूला दगड टाकणाऱ्यांची नावे इतिहासात ठळक नाहीत. पण ते ढिलाईने वागले असते तर पुढच्यांचे धाडस वाया गेले असते.

दुसरा प्रसंग नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांचा. भवानीनगर येथील पोलीस ठाण्यातील हत्यारे काढावयाची होती. हौसाताई आणि एक कार्यकर्ता यांनी ठाण्यासमोर भांडणाचे सोंग उभे केले. त्या कार्यकर्त्याने त्यांना खरोखरीचा मार दिला. कारण खोटा मार पोलिसांनी ओळखला असता. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आत शिरून बंदुका पळविल्या. या कामगिरीत नेता कोण? बंदूक पळविणारा, मार खाणारी, की नको असताना मारणारा? हा प्रश्नच येथे लागू पडत नाही. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे काम पुरे केले, आणि मार खाण्याचे काम हलके आहे असे कोणी मानले नाही.

असे असले तरी प्रतिसरकारकडे केवळ भक्तिभावाने पाहणे अभ्यासकाला शोभणार नाही. त्याने दिलेल्या शिक्षा कठोर होत्या. तळपायांवर मारण्याच्या शिक्षेवरूनच 'पत्री सरकार' हे नाव रूढ झाले. गुप्तपणे दिलेल्या शिक्षेवर दाद मागायला वरची कचेरी नसते. आणि कोणतीही सत्ता, मग ती कितीही लोकांची असो, दाद मागण्याची सोय नसेल तर चुकण्याचा संभव वाढतो. भूमिगत कामात वहीदेखील उघडी ठेवता येत नाही.

येथे कोणी विचारील, मग लायडनची गुप्तता आणि कुंडलची गुप्तता यांत फरक काय? फरक आहे आणि तो मूलभूत आहे. तुफान सेनेने आपले बेत शत्रूपासून लपविले. पण आपण कोणाचे काम करीत आहोत हे तिच्यातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होते. लायडनच्या परिषदेत नेमकी हीच गोष्ट स्वतःच्या माणसांपासून लपविलेली होती. शिवाय ज्या गावात भूमिगतांना भाकरी मिळाली त्या गावातील म्हातारीलाही काय चालले आहे याची कल्पना होती, आणि तिने मनात आणले असते तर एका शब्दासरशी सारे पकडले गेले असते. ती गप्प राहिली, म्हणून प्रतिसरकार टिकले. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली.

१९४६ साली वॉरंटे उठल्यावर भूमिगत कार्यकर्ते उघड झाले. पुढे त्यांच्या वाटा निरनिराळ्या पक्षांत गेल्या. पण कामाची सवय सुटली नाही. कुंडलला क्रांती साखर कारखाना उभा राहिला तो जी. डी. बापूंच्या पुढाकाराने. नागनाथअण्णांनी वाळव्याला सहकारी साखर कारखाना काढला तेव्हा त्याला नाव दिले ते स्वतःचे नव्हे, आपल्या वडिलांचेही नव्हे. लढ्यात कामी आलेल्या हुतात्मा किसन अहीर या सहकाऱ्याचे. नेत्याची पारख करण्यास एवढी एक गोष्टही पुरेशी आहे.

येरळेच्या वाळूतले शिक्षण

प्रतिसरकारला परकी सत्तेशी लढावयाचे होते. स्वराज्य आल्यावर, उघड्यावर काम करण्याची मोकळीक असताना, सांघिक नेतृत्व कसे असावे? त्याचे उत्तर त्याच जिल्ह्यात, ऐंशीच्या दशकात, येरळा नदीच्या पात्रात शोधता येते.

खानापूर तालुका हा कायमचा अवर्षणग्रस्त. तेथील कित्येक घरांतील कर्ते पुरुष मुंबईच्या कापडगिरण्यांत. १९८२ साली गिरणी संप सुरू झाला आणि हे कामगार गावी परतले. संघटनेची सवय असलेली माणसे दुष्काळी गावात येऊन पडली आणि त्यांतून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळेचे पात्र कोरडे पडत चालले होते आणि ठेकेदार त्यातील वाळू उपसून नेत होते. वाळू गेली की पात्रात मुरणारे पाणीही जाते, हे लोकांच्या ध्यानी आले. त्यांनी वाळूच्या उपशाला विरोध केला. पण ते विरोधावरच थांबले नाहीत. वाळू मर्यादित प्रमाणात आम्हीच विकू आणि त्या पैशातून नदीवर लहान धरण बांधू, अशी त्यांची मागणी होती. बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी मिळून बांधलेले हे बळीराजा स्मृती धरण. संपतराव पवार, डॉ. भारत पाटणकर आदी कार्यकर्ते त्यात होते, के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याने आपले ज्ञान दिले. आणि गावकऱ्यांच्या श्रमदानाला बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांचे हातही लागले.

धरण लहान असले तरी त्यामागील विचार मोठा होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता सर्व कुटुंबांना समान वाटावे, ज्यांना जमीन नाही त्यांचाही पाण्यावर हक्क असावा, आणि उसासारखे पाणी पिणारे पीक त्यावर घेऊ नये, असे ठरविण्यात आले. ज्याची जमीन जास्त त्याला हे सहजासहजी पटणारे नव्हते. दोन गावांतील माणसे एकत्र बसवून, भांडून, समजावून हे ठरवावे लागले. येथे वाळू किती विकली, पैसा किती आला, पाणी कोणाला किती, हे प्रश्न चावडीवरचे होते. लायडनच्या परिषदेला जे जमले नाही आणि भूमिगत असताना प्रतिसरकारला जे शक्य नव्हते, ते येथे होऊ शकले : वही उघडी राहिली.

परिषदांतून संघकार्य शिकविण्यासाठी कागदाचे मनोरे बांधायला लावतात. येरळेच्या पात्रात पाट्या उचलणाऱ्या विद्यार्थ्यांना खऱ्या भिंतीचे बांधकाम मिळाले, आणि भिंत बांधण्याहून पाणी वाटणे किती कठीण असते हेही जवळून पाहावयास मिळाले. आपल्या शेतकऱ्यांना हे ज्ञान नवे नाही. एकाच्या शेतात सर्वांनी नांगर घेऊन जाण्याची इर्जिक, बैलाच्या बदल्यात बैल आणि हाताच्या बदल्यात हात देण्याची सावड, हे संघकार्याचे आपले जुने धडे आहेत. मात्र सावडीत एक दंडक असतो : आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. जो फक्त घेतो आणि फिरून येत नाही, त्याच्याशी पुढच्या वर्षी कोणी सावड करीत नाही.

तीन कसोट्या

वरील चार उदाहरणे काळाने, स्थळाने आणि आकाराने अगदी भिन्न आहेत. तरीही त्यांच्यातून नेतृत्व पारखण्याच्या तीन कसोट्या हाती लागतात.

पहिली कसोटी अनुपस्थितीची. नेता नसताना काम चालते काय? तोक्योत सुरू झालेली परिषद युद्धानंतरही पुन्हा भरली, आणि नाना पाटील रानोमाळ फिरत असताना गावोगावची न्यायदान मंडळे चालली. ज्याच्यावाचून पान हलत नाही असा पुढारी दिसायला थोर वाटतो. प्रत्यक्षात त्याने कोणाला तयार केलेले नसते.

दुसरी कसोटी वहीची. पैसा कोठून आला, कोठे गेला, निर्णय कोणी घेतला, हे संघातील शेवटच्या माणसाला विचारता येते काय? विचारल्यास उत्तर मिळते काय?

तिसरी कसोटी वाट्याची. कष्टाचा आणि मानाचा वाटा कसा पडतो? मागच्या बाजूला दगड रचणारा, ठाण्यासमोर मार खाणारी आणि जमीन नसलेला पाण्याचा हक्कदार यांना त्या संघात स्थान आहे काय?

विद्यार्थी मित्रहो, या कसोट्या लावण्यासाठी परदेशी जाण्याची वाट पाहावी लागत नाही. आपले स्नेहसंमेलन, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, वादविवाद मंडळ, क्रीडासंघ यांना त्या आजच लावून पाहता येतील. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सदतीस विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती विद्यार्थ्याने समाजात जाऊन शिकावे म्हणून. तिच्या सात दिवसांच्या शिबिरातही पाहावे : गट-प्रमुख आजारी पडला तर खोदकाम थांबते की चालू राहते? संमेलनाचा जमाखर्च सूचनाफलकावर लागतो की खिशात राहतो? सत्काराच्या वेळी सतरंज्या उचलणाऱ्यांची नावे कोणी घेतो की नाही?

आणि जाताजाता दोन साधी कामे सुचवावीशी वाटतात. पहिले असे की प्रत्येक मंडळाने वर्षाअखेर एक वही लिहून ठेवावी. काय केले, किती खर्च आला, कोणाची मदत झाली, कोठे अडले, हे तिच्यात असावे. आणि ती वही पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती समारंभाने द्यावी. दुसरे असे की जे द्वितीय वर्षात आहेत त्यांनाच यंदाचे निम्मे काम सोपवावे, म्हणजे तृतीय वर्षाचे विद्यार्थी पदवी घेऊन गेले तरी मंडळ पोरके होणार नाही. एवढे जरी झाले तरी तोक्योच्या त्या परिषदेचे मर्म आपल्या महाविद्यालयात रुजले असे म्हणता येईल.

ज्यांना आंतरराष्ट्रीय परिषदेस जाण्याची संधी मिळेल त्यांनी अवश्य जावे. तेथे मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, कुंडल, वाळवा आणि बलवडी ही तीन नावे सांगावीत आणि त्यांची हकीकत समजावून द्यावी. ऐकणारे लक्ष देऊन ऐकतील, कारण असे अनुभव प्रत्येक देशाने कोठे ना कोठे घेतलेले असतात आणि त्यांची नावे त्यांच्या भाषेत निराळी असतात. ती नावे विचारून घ्यावीत, वहीत टिपावीत आणि परत आल्यावर ती वही सर्वांना वाचावयास द्यावी.